गोंड्यांचे लोफर : नवे घेताना, जुने घेताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच बुटाविषयी आहेत : लेस नसलेला, पावलावर चामड्याचे दोन गोंडे लोंबणारा पुरुषांचा लोफर, ज्याला दुकानांत टॅसल लोफर म्हणतात. पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

*

मी एकतीस वर्षांचा असून पुण्यात वकिली करतो. गोंड्यांचे लोफर घ्यावेत असे फार दिवस मनात आहे. दुकानात आठ नंबरचा जोड चवड्यावर आवळतो आणि नऊ नंबरचा चालताना टाचेतून निसटतो. दुकानदार म्हणतात, आठ नंबरच घ्या, चामडे आहे, सैल होईल. त्यांचे ऐकावे का? शिवाय हे बूट सूटवर शोभतात का? — एक वाचक, पुणे

दोन्ही जोड दुकानातच ठेवून यावेत. हे उत्तर निराशाजनक वाटेल, पण लोफरच्या बाबतीत तडजोड केली की ती रोज पायाला भोगावी लागते. लेसच्या बुटात थोडे कमी-जास्त असले तर लेस आवळून किंवा ढिली करून निभावून नेता येते. लोफरला तशी सोय नाही. तो पायात राहतो तो केवळ दोन ठिकाणच्या पकडीवर : एक टाचेच्या मागे आणि दुसरी पावलाच्या उंचवट्यावर, म्हणजे नेमके जिथे गोंडे असतात तिथे. गोंड्यांची वादी बुटाच्या काठातून फिरवलेली दिसते, पण ती आवळून बूट घट्ट होत नाही, ती शोभेची असते.

चामडे सैल होते हे दुकानदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे. चामडे रुंदीत सैलावते, लांबीत नाही. अंगठ्याचे टोक पुढे टेकत असेल तर ते वर्षभरानेही टेकतच राहील. चवड्याच्या दोन्ही बाजूंना बूट नुसता बिलगून बसत असेल तर पंधरा-वीस दिवसांच्या वापराने तो मोकळा होईल. पण करंगळीच्या मुळाशी दुखत असेल, तर दुखणे जाण्याऐवजी कुरूप येते. मी ऐन तिशीत असाच ‘सैल होईल’ या आश्वासनावर एक जोड घेतला होता आणि डाव्या करंगळीवरचे कुरूप बरे व्हायला पुढे चार महिने लागले. जोड शेवटी घरातच पडून राहिला. उलट, नव्या बुटाची टाच चालताना किंचित उचलली गेली तर घाबरू नये. नवा सोल ताठ असतो, पावलाबरोबर वाकत नाही. तो वाकू लागला की टाच पुष्कळशी जागेवर येते. मात्र बोट आत सहज जावे इतकी फट पडत असेल, तर तो जोड आपला नव्हे.

आपली खरी अडचण नंबरांच्या मधली आहे असे दिसते. इंग्रजी मापात एका नंबराचा फरक म्हणजे लांबीत साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि अर्ध्या नंबराचा त्याच्या निम्मा. आपल्याकडची बहुतेक दुकाने पूर्ण नंबरच ठेवतात आणि रुंदीचे पर्याय तर जवळजवळ कोणीच ठेवत नाही, त्यामुळे रुंद चवड्याच्या माणसाला लांबी वाढवून रुंदी मिळवण्याची सवय लागते. लेसच्या बुटात ती खपून जाते. लोफरमध्ये पाय पुढे घसरतो आणि टाच मोकळी पडते. त्यातून लहानपणापासून चप्पल घालून वाढलेल्या आपल्या कित्येकांचे चवडे पसरट असतात. म्हणून अर्धा नंबर आणि रुंद माप ठेवणारा बनवणारा शोधावा, किंवा पायाचे माप घेऊन बूट करून देणाऱ्याकडे जावे. त्याच्याकडे लाकडी कलबूत, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, कोणत्या आकाराचे आहे, हे चामड्याच्या आधी विचारावे. माप संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभरात पाय फुगतात. दोन्ही पायांचे द्यावे आणि उभे राहून द्यावे. कोर्टात घालणार तेच मोजे घालून जावे.

सूटवर हे बूट निःसंशय चालतात, आणि वकिलांच्या पायांत तर ते जुने आहेत. या बुटाचा इतिहास फार दूरचा नाही. हंगेरीत जन्मलेले अभिनेते पॉल लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून एक लेसचा बूट आणला होता. त्याच्या लेसच्या टोकांना गोंडे होते. तसाच बूट करून घेण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या दुकानांना विचारले आणि त्या दुकानांनी ते काम मॅसॅच्युसेट्समधल्या ऑल्डन कंपनीकडे सोपवले. तिथे लेस काढून गोंडे ठेवण्याची कल्पना निघाली आणि १९५० च्या सुमारास हा लोफर बाजारात आला. १९५७ मध्ये ब्रूक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने तो आपल्या दुकानांत ठेवला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे वकील, बँकवाले, प्राध्यापक यांचा तो सूटवरचा बूट झाला. पहिला जोड काळा किंवा गडद वाइनच्या रंगाचा घ्यावा. फिकट तपकिरी सूटवर उठून दिसतो आणि तो काळ्या कोटाखाली बरा वाटत नाही.

*

आमच्या गल्लीत चपला बनतात. चपलेचे चामडे हातात घेतले की मला कळते, पण बुटाचे कळत नाही, कारण सगळेच चकचकीत असतात. नवा लोफर घेताना चामडे आणि शिवण कशी ओळखावी? — एक वाचक, कोल्हापूर

आपल्या हाताला जे कळते तेच इथेही उपयोगी आहे, फक्त चकाकीच्या आत जावे लागते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात आणि ते उघडे ठेवतात, म्हणून त्याची रंध्रे, त्याचा पोत डोळ्यांना दिसतो. बाजारातल्या बऱ्याच लोफरच्या चामड्याचा वरचा थर घासून सपाट केलेला असतो आणि त्यावर रंगाचा व प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा लेप चढवलेला असतो. नवेपणी तो आरशासारखा चमकतो. बुटाच्या आत बोट घालून पावलावरचा भाग हलकेच बाहेरच्या बाजूला दाबावा. अंगचे चामडे असेल तर बारीक, जवळजवळच्या सुरकुत्या उमटतात आणि बोट काढताच विरतात. लेपाचे असेल तर एक-दोन जाड, धारदार घड्या पडतात किंवा काहीच उमटत नाही. लेपाच्या चामड्यावर पुढे चिरा पडतात आणि पॉलिश त्या चिरा भरून काढू शकत नाही, कारण पॉलिश आत मुरतच नाही. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का या बाबतीत काहीच सांगत नाही. लेप चढवलेलेही चामडेच असते.

शिवणीचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिल्यात सोल नुसता चिकटवलेला असतो. दुसरा ब्लेक शिवणीचा : लायमन ब्लेक या अमेरिकनाने १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राने बुटाच्या आतून थेट सोलपर्यंत टाका घातला जातो. आतला पातळ अस्तराचा तुकडा उचलून पाहिला तर तळावर टाक्यांची ओळ दिसते. तिसरा गुडइयर वेल्टचा : वरचे चामडे आधी एका चामडी पट्टीला शिवतात, ती पट्टी बाहेर काठासारखी दिसते, आणि सोल त्या पट्टीला स्वतंत्रपणे शिवतात. सोल झिजला की तेवढाच उसवून नवा बसवता येतो, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. पण इथे फसगत फार होते. चिकटवलेल्या बुटालाही नुसती दिखाऊ टाक्यांची पट्टी लावलेली असते. म्हणून बूट उलटा करावा : काठावरच्या टाक्यांना जुळणारी टाक्यांची ओळ सोलवर किंवा सोलमधल्या खाचेत दिसली पाहिजे. वर टाके आहेत, खाली ना टाके ना खाच, तर दुकानदाराला तिथल्या तिथे विचारावे.

वेल्टचाच घ्यावा असा माझा हट्ट नाही. लोफरला ब्लेकची शिवण शोभते. बूट हलका आणि लवचीक राहतो, आणि नेटक्या इटालियन लोफरचा घाट त्याच शिवणीने येतो. चिकटवलेल्या सोलचे मात्र पैसे चिकटवलेल्याइतकेच द्यावेत.

गोंडेही जवळून पाहावेत. चांगल्या कामात वादी काठाच्या चामड्यातून ओवलेली असते आणि गोंडा हा एका चामड्याच्या पट्टीला बारीक चिरा देऊन घट्ट गुंडाळून केलेला असतो. हातात घेतला तर त्याला वजन जाणवते आणि चिरा एकसारख्या असतात. हलक्या कामात तयार गोंडा नुसता टाचून लावलेला असतो, आणि तो एखाद्या दिवशी रस्त्यात कुठेतरी पडून जातो.

*

मी न्यू जर्सीत असतो. नवे ऑल्डनचे कॉर्डोव्हन लोफर आठशे डॉलरच्या पुढे जातात. वापरलेला जोड त्याच्या पाव किमतीत मिळतो आहे, विक्रेत्याने तीन फोटो पाठवले आहेत. घ्यावा का? घरच्यांना दुसऱ्याचे बूट घालणे पटत नाही. — एक वाचक, न्यू जर्सी

तीन फोटोंवर घेऊ नये. आठ-दहा मागावेत, आणि विक्रेता देत नसेल तर तेच उत्तर समजावे. आपल्याला पाहायचे आहे ते असे : दोन्ही बूट वरून, दोन्ही बाजूंनी, मागून टाचेच्या पातळीवरून, दोन्ही सोल, आतला तळ, आतल्या टाचेचे अस्तर, आत लिहिलेले माप आणि पावलावरच्या घड्यांचा जवळून घेतलेला फोटो.

आधी घड्या. कॉर्डोव्हन हे घोड्याच्या पुठ्ठ्याच्या भागातले, त्वचेच्या आतला घट्ट थर वेगळा काढून केलेले चामडे आहे. शिकागोचा हॉर्वीन हा कारखाना १९०५ पासून चालू आहे आणि कॉर्डोव्हन कमावायला तिथे किमान सहा महिने लागतात. तेही आपल्या कोल्हापुरीप्रमाणे झाडपाल्याच्या द्रव्यांनी. या चामड्याला सुरकुत्या पडत नाहीत, त्याच्या गोल लाटा उठतात. फोटोत लाटा दिसल्या तर चिंता नाही. लाटेच्या खोबणीत कोरडी, पांढुरकी रेघ दिसली तर पुन्हा फोटो मागावा : ती वरवरची भुकटी असेल तर कापडाने व ब्रशने निघून जाते, आणि चीर असेल तर तिच्यावर इलाज नाही. सोल बदलता येतो, टाच बदलता येते, अस्तर लावता येते, गोंडेही नवे ओवता येतात. वरचे चामडे फाटले की जोड संपला. पैसे देताना एवढे एक वाक्य मनात ठेवले तरी बरेच नुकसान टळेल.

त्यानंतर काठ. वापरलेल्या लोफरचा वरून घेतलेला फोटो नीट न्याहाळावा : तोंड फाकून दोन्ही बाजूंना कमानीसारखे बाहेर गेलेले असेल, तर तो आधी रुंद किंवा उंच पावलाच्या माणसाने घातला होता आणि आता तो कोणाच्याच पायात बसणार नाही. टाचेमागचा कडक भाग पिचलेला आहे का, हे मागच्या फोटोत दिसते. शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, न वापरता टाचेने दाबून बूट घालणाऱ्यांच्या जोडात तो हमखास मोडलेला असतो. मग सोल : मधोमध अंगठ्याने दाबून तो मऊ लागतो का, हे विक्रेत्याला विचारावे. मऊ असेल तर सोल बदलायची वेळ आली आहे आणि तो खर्च किमतीत धरावा. ऑल्डन, ॲलन एडमंड्स आणि इंग्लंडच्या क्रॉकेट अँड जोन्स व ‘लोक’ (Loake) या कंपन्या आपले बूट स्वतः दुरुस्त करून देतात, म्हणून त्यांचे जुने जोड घेण्यात अर्थ आहे. सोल आधी कितीदा बदलला, हेही विचारावे.

आता ज्याकडे फार कमी लोक पाहतात ते सांगतो. वेल्टच्या बुटात आतला तळ आणि सोल यांच्यामध्ये बुचाचा थर असतो, आणि तो पहिल्या मालकाच्या पावलाखाली दबून त्याच्या पायाचा ठसा घेतो. माझ्याकडे वाइनच्या रंगाचा एक जुना जोड आला होता. बाहेरून निष्कलंक, गोंड्यांची एकही चीर तुटलेली नाही. खिडकीशी नेऊन आत पाहिले तर चामड्यावर पाच बोटांचे काळपट ठसे स्पष्ट उमटलेले, आणि अंगठ्याचा खळगा माझ्या अंगठ्याच्या पुरता बोटभर पुढे. नंबर माझाच होता, पण त्या माणसाचा पाय माझ्याहून लांब आणि सडपातळ असावा. त्याने तो अरुंद घेऊन वापरला होता. मी तो जोड अर्धा दिवसही घालू शकलो नाही. म्हणून आतल्या तळाचा फोटो उजेडात घेतलेला मागावा, आणि ठसे हलके असतील असाच जोड घ्यावा. म्हणजे पहिल्या मालकाने तो फारसा घातलेला नाही आणि बूच आपल्या पायासाठी शिल्लक आहे.

मापाविषयी एक सावधगिरी. अमेरिकन आणि इंग्रजी नंबरांत साधारण अर्ध्या ते एका नंबराचा फरक असतो आणि रुंदीची अक्षरेही एकसारखी नाहीत : अमेरिकेत डी म्हणजे मध्यम. शिवाय त्याच कंपनीचे वेगवेगळे कलबूत वेगवेगळे बसते. कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच कलबुतावरचा नवा बूट एकदा पायात घालून पाहावा आणि मगच जुन्याचे पैसे द्यावेत. न्यू जर्सीहून हे सहज जमण्यासारखे आहे.

घरच्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. पाय दुसऱ्याचा, घाम दुसऱ्याचा, ही किळस खोटी नव्हे. बूट आला की आतून स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्यावा, आठवडाभर हवेशीर सावलीत ठेवावा, आतले पातळ अस्तर नवे लावून घ्यावे आणि मोजे घालूनच वापरावा. वास तरीही येत राहिला तर परत करावा. एक मात्र स्पष्ट सांगतो : ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी वापरलेले बूट घेऊच नयेत. दुसऱ्याच्या पायाच्या खळग्यांत कुठे घासते आहे हे त्यांना कळणार नाही, आणि कळेपर्यंत जखम झालेली असेल.

*

वडील १९९० च्या दशकात इंग्लंडहून आलेल्या एका मित्राकडून भेट मिळालेले गोंड्यांचे लोफर जपून ठेवत. ते फार थोडे वापरले गेले. माझ्या पायाला ते बसतात. लग्नात घालावेत अशी इच्छा आहे. — एक वाचक, नाशिक

घालावेत, पण लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. आधी सोल कशाचा आहे ते पाहावे. चामड्याचा असेल आणि शिवलेला असेल तर काळजी थोडी. पॉलियुरेथेनचा असेल तर तो न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो; वरून धड दिसतो आणि पाचपन्नास पावले टाकताच भाकरीच्या चुऱ्यासारखा गळतो. नखाने काठाशी दाबून पाहावे : चिकट लागला किंवा भुकटी निघाली तर मोच्याकडे नेऊन नवा सोल बसवून घ्यावा. चिकटवलेल्या जागाही इतक्या वर्षांनी सुटलेल्या असू शकतात.

चामडे कोरडे पडले असेल तर एकदम वाकवू नये. ओलसर फडक्याने धूळ पुसावी, चामड्याचे क्रीम अगदी थोडे लावावे, रात्रभर मुरू द्यावे, आणि असे तीन-चार दिवस करावे. मग घरात रोज अर्धा तास घालून फिरावे. खोबरेल किंवा दुसरे कोणतेही घरगुती तेल लावू नये. त्याने चामडे काळे पडते, मऊ होऊन आकार सोडते आणि पुढे पॉलिश धरत नाही. वडिलांनी बुटात कागदाचे बोळे भरून ठेवले असतील तर ते काढून शू ट्री घालावी, म्हणजे पायाच्या आकाराचा तो लाकडी साचा. घड्या हळूहळू बसतील.

*

आमच्या घरी गायी-वासराचे कातडे चालत नाही. लोफर कशाचा आहे हे कसे कळेल? आणि मुंबईच्या पावसात असे बूट टिकतात का? — एक वाचक, ठाणे

परदेशी कंपनीने ‘काफ’ लिहिले असेल तर ते वासराचे चामडे, हे निश्चित समजावे. चांगल्या इंग्रजी व इटालियन लोफरपैकी बहुतेक त्याचेच असतात. कॉर्डोव्हन घोड्याचे. स्वेड हे नाव जनावराचे नाही, चामड्याच्या खरखरीत बाजूचे आहे. ते वासराचे, बकऱ्याचे किंवा मेंढीचे असू शकते. आपल्याकडच्या बुटांवर जनावराचे नाव बहुधा नसतेच, आणि वरचे चामडे म्हशीचे असले तरी अस्तर दुसऱ्याच जनावराचे असू शकते. म्हणून वरचे, अस्तराचे आणि तळाचे अशा तिन्ही चामड्यांविषयी बनवणाऱ्याला लेखी विचारावे. माप घेऊन बूट करणारे कारागीर म्हशीच्या किंवा बकऱ्याच्या चामड्यात लोफर करून देतात. बकऱ्याचे चामडे पातळ आणि मऊ, त्यामुळे लोफरला छान वळते. म्हशीचे जाड आणि दाणेदार, ते टिकते पण बुटाला जडपणा येतो. मला विचाराल तर वरचे बकऱ्याचे आणि सोल म्हशीचा असा जोड करून घ्यावा.

पावसाळ्यात चामडी सोलचे लोफर जून ते सप्टेंबर बाहेर काढू नयेत. घालायचेच असतील तर मोच्याकडून सोलच्या पुढच्या भागावर रबराचा पातळ थर चिकटवून घ्यावा. मात्र तो बूट नवा असतानाच आणि पूर्ण कोरडा असताना लावावा, कारण ओल धरलेल्या चामड्याला तो धरत नाही आणि धरला तरी आतली ओल कोंडते. भिजलेच तर उन्हात, पंख्याखाली किंवा गॅसजवळ ठेवू नयेत. आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, दर दोन तासांनी बदलावेत, बूट आडवा ठेवावा म्हणजे सोललाही हवा लागते, आणि दोन दिवस थांबावे. गोंडे ओले असतानाच बोटांनी सरळ करून सोडावेत. वाकडे सुकले तर ते तसेच राहतात. बंद कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या बुटांना श्रावणापर्यंत बुरशी धरते, तेव्हा कापडी पिशवीत ठेवून दर रविवारी एकदा बाहेर काढून पुसावेत. बुरशी दिसलीच तर घरात झटकू नये. गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने काढावी, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसावे, आणि तो ब्रश पुन्हा पॉलिशसाठी वापरू नये.